टायरची गोलाई

चहाचा कागदी कप घ्या. वरून रुंद, खाली निमुळता. तो फरशीवर आडवा ठेवा आणि बोटाने हलकेच ढकला. तो सरळ जाणार नाही. गोल फिरेल, आणि कितीही वेळा ढकललात तरी निमुळत्या टोकाकडेच वळेल. त्याला कुणी हँडल लावलेलं नाही. एक काठ मोठा, एक लहान, एवढ्यावर तो वळतो. एका गिरकीत मोठा काठ जास्त अंतर कापतो, लहान काठ कमी, आणि मग सगळा कप घसरत न जाता लहान काठाच्या बाजूला वळू लागतो.

आता घाटातलं वळण आठवा. पन्नासच्या वेगाने मोटरसायकल वळणात शिरते तेव्हा हँडल जेमतेम फिरलेलं असतं. फिरलंय की नाही हे मागे बसलेल्याला कळतसुद्धा नाही. गाडी कललेली मात्र चांगलीच असते. मग गाडीला वळवतं कोण?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो भाच्यामुळे. तो कराडला असतो, यामाहाची आर१५ चालवतो, रोज महामार्गाने नोकरीला जातो आणि सुट्टीच्या दिवशी कुंभार्ली घाट गाठतो. गाडी अठरा हजार किलोमीटर चाललेली. गेल्या वर्षी त्याने तक्रार सुरू केली, “मामा, गाडी वळायला कुरकुर करते आणि मग एकदम आत पडते.” मेकॅनिकने कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी, बदलला. फरक पडला नाही. फोर्कचं ऑइल बदललं, तरी तेच. मी गाडी पाहिली आणि मागच्या टायरवरून हात फिरवला. मधोमध पाटासारखा सपाट, दोन्ही बाजूंना धार, आणि धारेपलीकडे जवळजवळ कोरी नक्षी. गाडीत बिघाड नव्हता. तिचं चाक वळायचं विसरलं होतं.

कललेलं चाक म्हणजे कागदी कप

गाडीचा टायर चारचाकीसारखा सपाट नसतो. तो आडवा कापला तर कापलेला भाग अर्ध्या चंद्रासारखा दिसतो. गाडी सरळ असताना त्याचा माथा रस्त्याला टेकतो. गाडी कलली की माथा सुटतो आणि खांद्याजवळचा भाग टेकतो.

आता एक दोरा घेऊन माथ्यावरून टायरचा घेर मोजा, मग खांद्यावरून मोजा. खांद्यावरचा घेर कमी भरेल. म्हणजे कललेल्या टायरचा जो तुकडा रस्त्याला टेकलेला आहे, त्याची माथ्याकडची कड मोठ्या घेराची आणि खांद्याकडची कड लहान घेराची. तोच कागदी कप. तो लहान काठाच्या बाजूला, म्हणजे गाडी जिकडे कलली आहे तिकडे वळू पाहतो. या ओढीला इंग्रजीतून आलेलं नाव कॅम्बर थ्रस्ट असं आहे. हँडलच्या फिरण्याचाही वळण्यात वाटा असतोच, पण वेगात असताना मोठं काम ही गोलाई करते.

एकदा हे लक्षात आलं की भाच्याच्या गाडीचं दुखणं सहज कळतं. महामार्गावर गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून फक्त माथा झिजतो. झिजत झिजत तिथे सपाट पट्टा तयार होतो. गाडी कलवायला गेलं की ती आधी त्या पट्ट्यावर उभी राहायला बघते, कलायला नकार देते. जोर लावला की पट्ट्याच्या धारेवर चढते आणि धार ओलांडताच दुसऱ्या बाजूला कोसळते. हीच ती कुरकुर आणि हेच ते आत पडणं. कोनसेट बिचारा निर्दोष होता.

म्हणून टायर बदलायचा की नाही हे फक्त नक्षीच्या खोलीवरून ठरवू नये. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी असं म्हटलं आहे. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण स्पोर्ट गाडीचा टायर बऱ्याचदा त्याच्या आधीच आकाराने संपतो. मधे दीड मिलिमीटर नक्षी शिल्लक असली तरी गोलाई गेलेली असते. अशा टायरवर सरळ रस्त्याला काहीच कळत नाही. घाटात कळतं.

रुंदीचा मोह

टायर बदलायचा म्हटल्यावर भाच्याने पहिला प्रश्न विचारला, तो या गाड्या चालवणारी बहुतेक मुलं विचारतात. “मामा, एकशेचाळीसच्या जागी एकशेपन्नास टाकू का? मित्राच्या ड्यूकला तोच आहे.”

मित्राच्या ड्यूक २०० ला कंपनीकडूनच १५०/६० मापाचा मागचा टायर येतो, हे खरं. भाच्याच्या आर१५ ला १४०/७० येतो. मागून पाहिलं की रुंद टायरची गाडी दणकट दिसते हेही खरं. पण रुंद टायर रस्त्याला जास्त टेकतो, म्हणून जास्त पकडतो, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

गाडी आणि स्वार मिळून सव्वादोनशे किलो धरू. त्यातले ११५ किलो मागच्या चाकावर. टायरमध्ये ३३ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. हा सगळा भार मुख्यतः आतली हवाच उचलते. मग ११५ ला २.३ ने भागलं की सुमारे ५० चौरस सेंटिमीटर येतात. हाताची चार बोटं जुळवून टेबलावर ठेवा, तळवा सोडून. एवढीच जागा. रस्ता आणि गाडी यांच्यात मागच्या बाजूला एवढंच नातं असतं.

आता या हिशेबात टायरची रुंदी कुठे आली? कुठेच नाही. भार तोच, हवा तीच, तर टेकणारी जागाही जवळपास तेवढीच. रुंद टायरने तिचा आकार बदलतो: आडवी थोडी पसरते, लांबीला आखूड होते. मोठ्या ताकदीच्या गाड्यांना रुंद टायर लागतात ते त्यांच्या इंजिनाचा जोर आणि त्यातून होणारी उष्णता सोसायला. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीकडे तेवढा जोरच नसतो.

तोटे मात्र खरे असतात. वळणात रुंद टायरचा टेकणारा भाग गाडीच्या मध्यरेषेपासून आणखी बाजूला सरकतो. त्यामुळे त्याच वेगाने तेच वळण घ्यायला गाडी थोडी जास्त कलवावी लागते. वजन वाढतं, आणि ते चाकाच्या अगदी कडेला, जिथे ते फिरवायला सगळ्यात जड असतं.

उंचीचा हिशेबही करून पाहू. १४०/७० मधला ७० हा आकडा टक्क्यांचा आहे: टायरची उंची त्याच्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. वर-खाली दोन वेळा ९८ आणि मधे १७ इंची रिमचे ४३२ मिलिमीटर, मिळून टायरची एकूण उंची ६२८. १५०/६० ची उंची ९० मिलिमीटर, एकूण ६१२. फरक १६ मिलिमीटर. म्हणजे गाडीचा मागचा भाग ८ मिलिमीटर खाली बसला. ऐकायला किरकोळ, पण मागची बाजू खाली गेली की पुढचे फोर्क आणखी तिरके होतात आणि गाडी वळायला आळशी होते. ज्या कारणासाठी स्पोर्ट गाडी घेतली तेच हातचं गेलं. शिवाय चाकाचा घेर अडीच टक्क्यांनी घटला. मागच्या स्प्रॉकेटला एखादा दात वाढवल्यासारखं इंजिन प्रत्येक गिअरमध्ये थोडं जास्त फिरणार. ज्या गाड्यांना दोन्ही चाकांचं एबीएस आहे, त्यांचा संगणक पुढच्या-मागच्या चाकांचे वेग सतत ताडून पाहत असतो. त्यालाही ठरलेल्या घेराचीच सवय असते.

आणि रिम. १४०/७० टायरला साधारण साडेतीन ते साडेचार इंच रुंद रिम चालते. १५०/६० ला किमान चार इंच हवी. आपल्या रिमची रुंदी रिमवरच ओतीव अक्षरांत असते; ती वाचावी. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर पोत्याचं तोंड आवळावं तसा तो खालून आवळला जातो आणि माथा टोकदार होतो. कारखान्याने घडवलेली गोलाई जाते. ज्यासाठी नवा टायर घेतला ते पहिल्या दिवशीच संपलं.

मी स्वतः विशी-बाविशीत हे केलेलं आहे. दुकानदाराने बसतोय म्हणून बसवून दिला, मीही आनंदात होतो. पहिल्याच आठवड्यात साखळीच्या बाजूला टायरच्या भिंतीवर घासल्याची चमकदार रेघ दिसली. पावसाळा येईपर्यंत मी तो काढून टाकला. पैसे गेले. पण आजही त्या रेघेची आठवण झाली की वाटतं, मी ती आठवडाभर उशिरा पाहिली असती तर?

भाच्याला म्हटलं, माप कंपनीचंच ठेव. बदलायचं असेल तर रबर बदल.

> चौकट : टायरच्या अंगावरचं लिखाण
>
> मागच्या टायरवर असं काही वाचायला मिळतं : १४०/७० आर १७ एम/सी ६६ एच
>
> १४० – टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
> ७० – उंची, रुंदीच्या टक्केवारीत.
> आर – रेडियल बांधणी. इथे नुसती आडवी रेघ असेल तर बायस बांधणी.
> १७ – रिमचा व्यास, इंचांत.
> एम/सी – मोटरसायकलसाठी.
> ६६ – भाराचा सांकेतिक आकडा. ६६ म्हणजे ३०० किलो, ५२ म्हणजे २०० किलो.
> एच – वेगाचं अक्षर. पी म्हणजे ताशी १५०, एस १८०, एच २१० किलोमीटर. कंपनीच्या अक्षरापेक्षा खालचं घेऊ नये.
>
> चार आकड्यांची तारीख – ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी, लांबट चौकटीत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.
> बाण – चाक कोणत्या दिशेने फिरायचं ते.
> आयएसआय शिक्का – आणि सोबत दुचाकी-तीनचाकीच्या टायरांच्या मानकाचा क्रमांक, आयएस १५६२७.

उसळणारं रबर, धरणारं रबर

दोन चेंडू घ्या. एक फरशीवर टाकला की छातीपर्यंत उसळतो. दुसरा टाकला की थप्प करून बसतो. टायर कोणत्या चेंडूच्या रबराचा करावा?

सहज उत्तर येतं, उसळणाऱ्या. तेच रबर जिवंत वाटतं. पण रस्ता धरतो तो बसणारा चेंडू.

डांबरी रस्ता जवळून पाहिला तर तो खडीची टोकं वर आलेली एक खरबरीत पाटी असते. टायरचं रबर त्या प्रत्येक टोकाभोवती दबतं, खाली भरतं, मग पुढे सरकताना परत वर येतं. कणकेच्या गोळ्यात बोट रुतवून काढा: खड्डा राहतो, मग हळूहळू भरतो. जे रबर असं सावकाश परत येतं ते खडीच्या टोकाच्या पुढच्या अंगाला घट्ट दाबलेलं असतं आणि मागच्या अंगाला अजून पोचलेलं नसतं. या असमान दाबातून पकड मिळते. झटकन उसळणारं रबर दोन्ही अंगांना सारखंच दाबतं, म्हणून धरत नाही. याच्या जोडीला रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर या चिकटण्याचाही मोठा वाटा असतो.

या सावकाशपणाची किंमत असते. दबताना घातलेली ताकद पूर्ण परत मिळत नाही, तिची उष्णता होते. म्हणून जास्त पकडणारा टायर थोडं जास्त पेट्रोल पितो, तापतो आणि लवकर झिजतो. मऊ रबराचा मागचा टायर दहा-बारा हजार किलोमीटरांत आटोपतो, कठीण रबराचा वीस हजारांच्या पुढेही जातो. दुकानात ‘हा जास्त चालतो’ असं सांगतात तेव्हा ते खरंच असतं, पण जास्त चालणारा टायर काहीतरी कमी देऊनच जास्त चालतो, हे ग्राहकाने स्वतः मनात जोडून घ्यायचं असतं.

रबर मुळात झाडाचा चीक. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात तर रबराच्या बागा लागतात. खोडावर तिरकी खाच आणि खाली चीक साठवणारी वाटी. या चिकाचं नुसतं रबर उन्हात लिबलिबीत होतं आणि थंडीत काचेसारखं तडकतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला गवसलं की त्यात गंधक मिसळून तापवलं तर रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना गाठी मारून बांधले जातात आणि ते टिकाऊ होतं. आजच्या टायरमध्ये झाडाचं आणि कारखान्यात बनवलेलं अशी दोन्ही रबरं असतात, मजबुतीसाठी काजळी असते, आणि ओल्या रस्त्यावरची पकड वाढवायला वाळूतल्या द्रव्यापासून केलेली सिलिका असते. टायर काळा असतो तो काजळीमुळे. काही टायरांत मधे कठीण आणि बाजूंना मऊ अशी दोन प्रकारची रबरं एकाच अंगात असतात. भाच्यासारख्या, आठवडाभर महामार्ग आणि रविवारी घाट असणाऱ्या माणसाला अशी रचना उपयोगी पडते, कारण तिथे माथा सावकाश झिजतो आणि गोलाई जास्त दिवस टिकते.

शर्यतीच्या टायरचा मोह इथेच आवरावा. त्याचं रबर ऐंशी अंशांच्या आसपास तापल्यावर काम करायला लागतं. ट्रॅकवर शर्यतीआधी टायरांना विजेची गरम पांघरुणं घालतात ती म्हणूनच. डिसेंबरात सकाळी सातला महाबळेश्वरच्या रस्त्यावर तो टायर गोठलेल्या खोबरेल तेलासारखा कडक असेल. तिथे शहरासाठी बनवलेला साधा टायर त्याच्यापेक्षा चांगला धरेल.

नक्षी कशासाठी?

नक्षीमुळे पकड येते, असं बहुतेकांना वाटतं. मग मोटोजीपीच्या गाड्यांचे टायर कोऱ्या गुळगुळीत अंगाचे का असतात?

कारण कोरड्या रस्त्यावर रबर धरतं, खाच नव्हे. खाच म्हणजे जिथे रबर नाही ती जागा. जितकं जास्त रबर टेकेल तितकं चांगलं, म्हणून शर्यतीत कोरड्या दिवशी नक्षीच नसते. पाऊस आला की तेच स्वार खाचा असलेले टायर लावून घेतात. खाचांचं काम पाणी काढून देणं, एवढंच आहे. शेताला पाट काढावेत तशा त्या टेकणाऱ्या जागेतून पाणी बाहेर नेतात, म्हणजे रबराला खडीपर्यंत पोचता येतं. कोकणातल्या पावसात ते पोचणं महत्त्वाचं असतं.

ओल्या रस्त्याचा हिशेब थोडा ताळ्यावर आणणारा आहे. तीस मीटर त्रिज्येचं घाटातलं वळण घ्या. कोरड्या, चांगल्या डांबरावर पकड इतकी धरा की गाडी ४५ अंश कलू शकेल. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्या वळणाची कमाल मर्यादा ताशी ६२ किलोमीटर येते. पावसात पकड निम्मी झाली असं समजा. मर्यादा ४४ वर येते आणि गाडी २७ अंशांपलीकडे कलू शकत नाही. ही घसरण्याची सीमा झाली, चालवण्याचा वेग नव्हे. तो तिच्या बराच अलीकडे हवा. नवा टायर ही सीमा थोडी सरकवतो, पुसत नाही. पांढऱ्या रंगाचे पट्टे, पुलांच्या लोखंडी जोडपट्ट्या, पहिल्या पावसात वर तरंगणारं तेल आणि धूळ, शेवाळ धरलेला सावलीतला कोपरा, यांच्यावर कोणतीच नक्षी फारशी उपयोगी नाही.

पावसाळ्यासाठी टायर बघताना खाचा माथ्यावरून खांद्यापर्यंत सलग जातात का ते मी पाहतो, कारण वळणात पाणी खांद्याखालूनच काढायचं असतं. मातीच्या वाटांसाठीचे बटणवाले टायर मात्र छोट्या स्पोर्ट गाडीला घालू नयेत. डांबरावर ती बटणं वळणात वाकतात आणि गाडी हलत असल्यासारखं वाटतं.

खाटेची वीण आणि चाकाची धाव

टायरचं रबर म्हणजे कातडी. आत धाग्यांचा सांगाडा असतो. तो दोन तऱ्हांनी बांधतात.

बायस टायरमध्ये धागे तिरके, एकमेकांना छेदत जातात, सुतळीच्या खाटेच्या विणीसारखे. सगळा टायर एकसंध आणि भक्कम होतो. पण खाटेवर एका कोपऱ्यात बसलं की दुसरा कोपराही हलतो. तसंच इथे भिंत वाकली की माथाही ओढला जातो. खड्डे, भार आणि दगडधोंडे हा टायर छान सोसतो, स्वस्तही पडतो.

रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि माथ्याखाली चाकाभोवती पट्टे असतात. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवायचे तसे हे पट्टे माथ्याला आवळून धरतात. त्यामुळे भिंत मऊ राहून खड्डे झेलते आणि माथा आपला आकार सोडत नाही. टेकणारी जागा वळणात डगमगत नाही, टायर कमी तापतो. गोलाई राखण्याच्या दृष्टीने रेडियल बांधणी सरस आहे, माझं मत स्पष्टपणे तिच्या बाजूने आहे. आज आपल्या बाजारात १४०/७० आणि १५०/६० या मापांत चांगले रेडियल टायर मिळतात. अपोलोचा अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिपची प्रोटॉर्क मालिका, मिशेलिनचा पायलट स्ट्रीट रेडियल, पिरेलीची डायब्लो रोसो मालिका ही नावं दुकानात ऐकायला मिळतील. आपल्या नेमक्या मापात कोणता आहे ते तिथे विचारावं.

पुढे बायस आणि मागे रेडियल ही जोडी चालते. आर१५ च्या अलीकडच्या पिढ्यांत ती कंपनीकडूनच तशी येते. उलट जोडी, पुढे रेडियल आणि मागे बायस, करू नये: पुढचं चाक चपळ आणि मागचं सुस्त झालं की गाडी दोन मनांची होते.

पुढचा टायर

भाच्याला फक्त मागचा बदलायचा होता. पुढच्याची नक्षी ‘अजून आहे’ म्हणाला. ती होती. पण चार आकडी तारीख वाचली तर टायर सहा वर्षांपूर्वीचा निघाला, आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसल्या. रबर ऊन आणि हवेतल्या ओझोनने म्हातारं होतं, गाडी उभी असली तरी. नखाने दाबलं तर दबत नव्हतं.

पुढच्या टायरबाबत मी हट्टी आहे. जोरात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे धावतं आणि पुढच्या चाकावर नेहमीच्या दीडपटीहून जास्त भार येतो. थांबवण्याचं बहुतेक काम तेच चाक करतं. मागचा टायर घसरला तर बऱ्याचदा सावरता येतं. पुढचा सुटला की सावरायला वेळच नसतो, माणूस जमिनीवर असतो. पैसे एकाच चांगल्या टायरचे असतील तर स्वस्त टायर मागे घालावा, पुढे नाही. आणि मागचा नवा गोल, पुढचा जुना झिजलेला अशी जोडी झाली तर एक चाक वळायला उत्सुक आणि दुसरं नाखूश असतं. शक्य असेल तर दोन्ही एकदम बदलावेत. भाच्याने महिनाभर थांबून दोन्ही घेतले. मला त्याचं कौतुक वाटलं.

दुकानात, आणि पहिले दोनशे किलोमीटर

टायर घेताना आधी तारीख वाचली. दुकानदाराने पुढे केलेला पहिला टायर तीन वर्षं गोदामात पडलेला होता. आतून दुसरा मागितला तर सहा महिन्यांचा मिळाला. त्याच किमतीत.

बसवायला मशिनवाल्या दुकानात गेलो. अलॉयच्या रिमवर लोखंडी टॉमी वापरून टायर चढवला तर कडेला ओरखडे पडतात, आणि ट्यूबलेस टायरची हवा त्याच ओरखड्यांतून झिरपत राहते. व्हॉल्व्ह नवे घातले. ते रबराचेच असतात आणि टायरइतकेच म्हातारे होतात. टायरच्या भिंतीवर पिवळा ठिपका असतो, तिथे टायर सगळ्यात हलका असतो, म्हणून तो जड बाजूला, व्हॉल्व्हजवळ ठेवायचा. मग बॅलन्सिंग. आपल्याकडे मोटरसायकलच्या चाकाचं बॅलन्सिंग बरेच जण टाळतात. महामार्गावर नव्वदच्या वेगाला हँडल थरथरलं की त्याची आठवण होते.

हवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेली, आणि सकाळी, टायर थंड असताना. तापमान वीस अंशांनी वाढलं की दाब तीनेक पौंडांनी वाढतो, म्हणून चालवून आल्यावर मोजलेला आकडा फसवा. कमी हवेने भिंती वाकून टायर तापतो, जास्त हवेने माथाच तेवढा टेकतो आणि पुन्हा तोच सपाट पट्टा लवकर तयार होतो. नायट्रोजन भरून घ्यायचा का असं भाच्याने विचारलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला हवा तपासली तर तेवढा पुरतो.

टायर बसले, गाडी बाहेर आली, आणि त्याला तिथूनच थेट घाटात जायचं होतं. त्याला थांबवलं. नवा टायर साच्यातून निघालेला असतो. त्याचं अंग गुळगुळीत असतं आणि साच्यातून सुटायला लावलेल्या द्रव्याचा अंश त्यावर असू शकतो. शिवाय टायर रिमवर नीट बसायलाही काही अंतर जावं लागतं. नवे टायर टाकून दुकानापासूनच्या पहिल्याच चौकात घसरलेले दोन जण मी स्वतः पाहिले आहेत. पहिले दीड-दोनशे किलोमीटर सावकाश चालवायचं, आणि वळणात दर फेरीला थोडं थोडं जास्त कलायचं, म्हणजे माथ्यापासून खांद्यापर्यंत टायरचं अंग हळूहळू खरबरीत होत जातं. खांद्याची शेवटची बोटभर पट्टी कोरी राहिली म्हणून मुलं एकमेकांना हिणवतात. राहू द्यावी. ती अचानक समोर आलेल्या म्हशीसाठी आणि वळणात सांडलेल्या खडीसाठी शिल्लक ठेवलेली पकड आहे.

कराडहून पाटणला जाऊन यायचं म्हणजे सत्तर-एक किलोमीटर. अशा तीन फेऱ्या करायच्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणाला न बसवता, असं ठरलं. तिसऱ्या फेरीच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. “मामा, आता ती आत पडत नाही. मी जेवढी कलवतो तेवढीच कलते.” मी विचारलं, हवा तपासलीस का? पुढच्या टायरमध्ये दोन पौंड कमी निघाली होती. ती भरून घेतली, आणि मगच तो पुढच्या रविवारी कोयनानगरवरून कुंभार्लीकडे गेला.